पोरांच्या पलटणीचा दगड

आमच्या घरी देव्हारा नव्हता. शोकेसमध्ये बुद्धाची एक मूर्ती होती आणि तिला अंघोळ घालायची पद्धत आमच्यात नाही. अंघोळ असायची ती एका दगडाला. दर रविवारी, पुण्याबाहेरच्या मांजरी गावाहून दोन बस बदलून.

रविवारी सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून पिशवी भरायला बसायचे. गेरूची पुडी, चुन्याचा डबा, दोन ब्रश, पितळ घासायची पावडर, जुन्या बनियनचे तुकडे. आई म्हणायची, "निघाले हजेरीला." फौजेतून रिटायर झाल्यावर वडील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होते. आठवड्यातला सुट्टीचा दिवस एकच, आणि तो असा जायचा. आईनं त्यावर भांडून पाहिलं, मग सोडून दिलं.

लष्कराच्या हद्दीला चिकटून एक बाग आहे. बाग व्हायच्या आधी तिथे मैदान होतं आणि त्या मैदानावर एका पलटणीची कवायत चालायची. ती पलटण पोरांची होती. म्हणजे खरोखरच्या पोरांची, मिसरूडही न फुटलेल्या. फौजेत पूर्वी तशी सोय असायची. गरीब घरचा, अंगानं बरा मुलगा दिसला की त्याला 'बॉय' म्हणून भरती करायचं, शाळा शिकवायची, कवायत शिकवायची आणि वय भरलं की शिपाई करून पुढे धाडायचं. नंतर ती पलटण मोडली. बराकी दुसऱ्या कुणाला गेल्या. मैदानाची बाग झाली. तिथून शिपाई होऊन गेलेल्या काही जणांनी बाग होण्याआधीच सुट्ट्या जुळवून, कुणा साहेबाची तोंडी परवानगी घेऊन, त्या जागी काळ्या घडीव दगडांचा एक खांब स्वतःच्या हातांनी उभा केला. वर पितळी बिगूल बसवला. खांबाची उंची मुद्दाम ठरवलेली होती. भरतीच्या वेळी ज्या आडव्या पट्टीला पोराचं डोकं टेकावं लागे, तेवढीच. बागेत येणारे आईबाप आपापल्या मुलांना खांबाला पाठ लावून उभं करायचे आणि "केवढा वाढलास रे" म्हणायचे. ते माप कशाचं आहे हे त्यांना ठाऊक नसायचं.

खांबावर पलटणीचं नाव होतं आणि खाली एक ओळ, 'आम्ही इथे मोठे झालो'. बाकी काही नाही.

वडील यवतमाळकडचे. गावात शाळा होती नव्हती सारखीच. भरतीवाले तालुक्याला आले, वडिलांचं डोकं पट्टीला टेकलं आणि ते पुण्याला आले. लिहायला, वाचायला, ताटात वाढलेलं पूर्ण संपवायला आणि दात घासायला त्यांना त्या पलटणीनं शिकवलं. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणालाही सांगते, न विचारता सांगते. पण माझी डिग्री कॉलेजात सुरू झाली नाही, त्या मैदानावर झाली, हेही सांगते.

पलटणीत एकाच नावाची चार-चार पोरं असायची म्हणून हाका नंबरानं पडत, शेवटच्या आकड्यांनी. वडील एकोणतीस. मला आठवतं तेव्हापासून रविवारी तिघंच यायचे. एकोणतीस, सदुसष्ट आणि अकरा. सदुसष्टकाका मूळचे साताऱ्याकडचे, पण शनिवार पेठेत छत्र्या आणि बॅगा दुरुस्तीचं दुकान टाकून बसले होते आणि इतक्या वर्षांत पेठेची जीभ त्यांना चिकटली होती. अकराकाकांना सुरुंगांनी एका कानानं बहिरं केलं होतं, दुसऱ्यानं ते स्वतःच ऐकत नसत. तिघं मिळून खांब धुवायचे, कडेच्या विटांना गेरू, त्यावर चुन्याची पट्टी, बिगुलाला पॉलिश. मग तिघं ओळीत उभे राहायचे. कुणी हुकूम द्यायचं नाही. आपोआप सावधान, आपोआप विश्राम. मग बागेबाहेरच्या गाडीवर चहा.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, एवढं काय आहे त्या दगडात?"

तेव्हा त्यांनी तीसबद्दल सांगितलं. तीस भरतीच्या रांगेत त्यांच्या मागे उभा होता म्हणून तीस. पुढे खाटही शेजारची. पहिल्याच वर्षी तो तापानं गेला. घरचं कुणी पोचायच्या आत नदीकाठी त्याला लाकडं दिली. शहीद म्हणावं तर लढाई नाही, शिपाई म्हणावं तर वय नाही. फौजेच्या कुठल्याच भिंतीवर त्याच्यासाठी जागा नव्हती.

"माही बॉय म्हणून केलेली नोकरी सर्व्हिसमध्ये धरली नाही," वडील म्हणाले, "जाऊ दे. मले पुढं बाकी सर्व भेटलं. पण त्याचं तर तेवढंच होतं, पोरी. तो दगड उभा हाय तवर तो होता म्हणता येते."

वडिलांचं मराठी असंच होतं, थोडं वऱ्हाडी, थोडं फौजी हिंदी, वरून पुण्याचा मुलामा. मी ते कधी सुधारायला गेले नाही.

मला नोकरी लागली त्या सुमारास सगळं पुणंच खोदून ठेवलेलं होतं. मांजरीला उसाच्या फडांत प्लॉट पडत होते. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. मीही बी.कॉम.नंतर तसा एक कोर्स केला आणि परदेशातल्या लोकांचे इन्शुरन्सचे क्लेम तपासायच्या कामाला लागले. कंपनीची गाडी घरी न्यायला यायची. गल्लीतली माणसं बघायची आणि मी बघू द्यायची. त्याच काळात 'सुशोभीकरण' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. चौक, नाला, पूल, ज्याला त्याला सुशोभीकरण. एका रविवारी वडील बागेत गेले तर भोवतीनं पत्रे लागलेले.

आत एक तरुण इंजिनिअर होता. चांगल्या घरचा, चांगल्या बोलण्याचा. त्यानं तिघांना खुर्च्या दिल्या म्हणे. हे मला सदुसष्टकाकांनी नंतर सांगितलं. तो म्हणाला, "काका, हा खांब जरा हलवावा लागेल. चालायचा ट्रॅक इथूनच जातोय. मशीन लावलं तर तुमचे दगड फुटतील. तुम्हीच नीट काढून ठेवलेत तर बरं. काम झालं की बसवून टाकू परत."

तिघंही पुढे इंजिनिअर पलटणीत गेलेले. पूल बांधलेले आणि पूल पाडलेले. दगड सोडवणं म्हणजे काय असतं त्यांना? पुढच्या रविवारी तिघं पहारी घेऊन गेले. दुपारी मी डबा घेऊन पोचले तेव्हा खांब अर्धा उतरला होता. प्रत्येक दगडावर ऑइलपेंटनं नंबर घातलेला, कुठली बाजू वर ते बाणानं दाखवलेलं. नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात फळ्या टाकून त्यावर थर लावत होते. जमिनीची ओल लागू नये म्हणून फळ्या. दगडाला ओल लागू नये म्हणून! बिगूल कापडात गुंडाळून बागेच्या स्टोअरमध्ये जमा केला होता.

मी म्हटलं, "बाबा, हे लेखी घेतलंय का? परत बसवून देणार म्हणून?"

वडिलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. "साहेबानं सांगितलं ना."

"सांगितलं. पण कागद?"

"हुकूम हाय. हुकमाले कागद काहून?"

सदुसष्टकाका दगडाला टेकून बसले होते. "आल्या ग्रॅज्युएट बाई," ते म्हणाले. "आता दगडांची पावती फाडा, दगडांचा रहिवासी दाखला काढा. अहो, तो पोरगा शब्द देऊन गेलाय."

"काका, तो उद्या बदलून गेला तर?"

"तर दुसरा येईल. साहेब बदलतात, हुकूम बदलत नाही."

"काय बदललं?" अकराकाकांनी विचारलं.

"तुझं बनियन बदल," सदुसष्टकाका ओरडले, "घामाचा वास येतोय इथवर!"

तिघं हसले. चार वाजायच्या सुमाराला शेवटचा दगड रचून झाला. वडिलांनी कॉलर नीट केली, पत्र्याच्या ऑफिसात गेले आणि त्या तरुण इंजिनिअरला कडक सलाम ठोकून म्हणाले, "काम पूरा, साहेब." तो गडबडून उभाच राहिला. त्या वेळी मला वडिलांचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो. पण घडलेली चूक नेमकी तीच होती. फौजेत हुकमाला वजन असतं, कारण तो देणारा त्याला बांधलेला असतो. बाहेर तसं नसतं, आणि हे त्या तिघांना कुणी शिकवलंच नव्हतं. पोरवयातच आत गेले ना ते.

बाग उघडली. ट्रॅक झाला, रंगीत दिव्यांचं कारंजं झालं, फायबरची हरणं आली. खांबाच्या जागेवर लाफ्टर क्लबसाठी फरशीचा ओटा झाला. वडील दर रविवारी जायचे, ओट्याकडे बघायचे, नर्सरीत जाऊन दगडांवरची धूळ झटकायचे आणि परत यायचे. "अभी काम चालू हाय," म्हणायचे. काम कधीच संपलं होतं.

मग ते तिघं बागेच्या ऑफिसात गेले. मी त्या दिवशी रजा टाकून सोबत गेले. टेबलामागचा कारकून वयस्क होता, चष्म्यावरून बघणारा.

"हलवला कोणी?"

"आम्हीच," वडील म्हणाले.

"मग आमचं काय आहे त्यात? तुमची वस्तू, तुम्ही काढलीत."

"साहेबांनी सांगितलं होतं."

"कुठल्या?"

वडिलांनी त्या इंजिनिअरचं वर्णन केलं. गोरा, उंच, शर्ट खोचलेला. कारकून म्हणाला, "असे बरेच असतात." तो इंजिनिअर ठेकेदाराकडचा होता आणि केव्हाच नोकरी सोडून बंगलोरला गेला होता.

मी मध्ये पडले. म्हटलं, तिथे इतकी वर्षं स्मारक होतं, शेकडो लोकांनी बघितलेलं आहे. त्यानं बागेचा नकाशा उलगडून दाखवला. कारंजं होतं, झाडं होती, मुतारीसुद्धा होती. खांब नव्हता. ज्या साहेबानं मैदान असताना तोंडी परवानगी दिली, त्याच्या तोंडाबरोबर ती गेली.

"बरं, नवीन अर्ज करा," कारकून जरा मऊ झाला. "स्मारक कोणाचं?"

"पलटणीचं," सदुसष्टकाका म्हणाले.

"पलटण आहे सध्या?"

"मोडली."

"मग मोडलेल्या पलटणीच्या वतीनं अर्ज घेता येत नाही. एखाद्या व्यक्तीचं असेल तर बघता येईल. तिथे कोणी वारलं बिरलं होतं का? नाव सांगा, मी पुढे सरकवतो."

खरं सांगायचं तर तो माणूस त्याच्या परीनं मदत करत होता. मी वडिलांकडे बघितलं. मला वाटलं, निघाली वाट.

"तीस," ते म्हणाले.

"तीसजण?"

"नाही. तीस नंबर."

"अहो पण नाव?"

वडिलांनी सदुसष्टकाकांकडे बघितलं. त्यांनी अकराकाकांच्या कानात ओरडून विचारलं. "कोण तीस?" अकराकाका म्हणाले. ते एक तुकडी मागचे, त्यांनी त्याला बघितलेलंच नव्हतं. सदुसष्टकाकांना चेहरा आठवत होता, पुढचा दात तुटका होता हे आठवत होतं. वडिलांना त्याचा आवाज आठवत होता, तो झोपेत बडबडायचा ते आठवत होतं, पण नाव आठवत नव्हतं. हाकच कधी मारली नव्हती त्या नावानं. ते टेबलाची कड धरून उभे राहिले, कितीतरी वेळ, आणि मागची माणसं "ओ आजोबा, लवकर" करायला लागली.

कारकुनानं नकाशाची घडी घातली. "आठवलं की या," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर तिघं चहाच्या गाडीवर न थांबता थेट बसस्टॉपकडे चालू लागले.

त्यानंतर मी हे काम माझ्याकडे घेतलं. शिकलेलं माणूस घरात असलं की घराचं काम अडत नाही अशी माझी समजूत होती, आणि वडिलांचीही. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात फोल्डर, अशी मी ऑफिसं चढले. लष्कराच्या ऑफिसात म्हणाले, बाग आमच्या हद्दीत येत नाही. सैनिकांच्या कल्याणाचं बघणाऱ्या ऑफिसात म्हणाले, सैनिक होण्याआधीचं आमच्याकडे येत नाही. एका मोठ्या साहेबाशी मी इंग्रजीत बोलले, चांगलं, चुका न करता. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि मराठीत म्हणाले, "मॅडम, फार स्तुत्य भावना आहेत तुमच्या." त्या चहानंतर मला कळलं की आता काही होणार नाही. कुणी हाकलून दिलं असतं तर भांडता आलं असतं. मला कुणीही हाकललं नाही.

शिक्षणानं एवढंच झालं, की काम कुठे अडलंय हे मला दिसत होतं. वडिलांना ते दिसत नव्हतं आणि म्हणून त्यांची आशा माझ्यापेक्षा जास्त टिकली. नावासाठी त्यांनी गावाकडे, जुन्या ओळखीच्यांकडे निरोप पाठवले. ज्यांना ठाऊक असतं ते उरलेले नव्हते.

इकडे नर्सरीतला थर कमी होत चालला. माळ्याला नळाखाली पायरी हवी होती, एक दगड गेला. टाकीला टेकू, दोन गेले. खताच्या खड्ड्याची कड. माळी भला माणूस. म्हणाला, "हवालदारसाहेब, मला काय माहीत तुमचे हायेत. नुसते पडून होते." वडील पुसट झालेले नंबर बघून ओळखायचे, हा वरचा, हा पायाचा. स्टोअर आवरलं गेलं तेव्हा बिगूल भंगारात गेला असावा. 'जमा' केल्याची खूण कुठेच नव्हती.

अकराकाका गेले. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या घरी कुणाला पलटणीचं नाव ठाऊक नव्हतं. मुलगा म्हणाला, "रविवारी बागेत फिरायला जायचे ना ते?" सदुसष्टकाकांचे गुडघे गेले. दुकानाच्या वरच्या खोलीतून ते खाली उतरेनात. वडील भेटायला गेले की म्हणायचे, "काय एकोणतीस, लागला का दगड?" पहिल्यांदा त्यात टोमणा असायचा. पुढे पुढे तो नुसता प्रश्न झाला, आणि मग तो त्यांनी विचारणंही बंद केलं.

एका सकाळी बागेतून फोन आला. नर्सरी उठवून तिथे पार्किंग करायचं ठरलं होतं. लोक आता बागेत चालायला गाडीतून यायला लागले होते. नव्या ठेकेदाराचा मुकादम बोलत होता. माळ्यानं त्याला नंबर दिला होता. "आजोबा, तुमचे म्हणे काही दगड आहेत. आज उचला, नाहीतर आम्ही भरावात घालतोय."

मी म्हटलं, "बाबा, टेम्पो करते. घरी आणू."

"घरी आणून काय करू? अंगणात उभा करू? तो अंगणात मोठा झाला का?"

"निदान लिहिलेला तरी आणू."

"एक दगड म्हणजे खांब नाही, पोरी."

पण शर्ट त्यांनी इस्त्रीचाच घातला. मी कामावर कळवलं आणि सोबत गेले.

नर्सरी उखडून झाली होती. रस्त्यावरून आत गाडी चढायला उतार करायचा होता, त्यासाठी मजूर हाताला येईल तो दगड खड्ड्यात टाकत होते. आमचेही त्यात होते. काही आडवे, काही तिरके. वडील कडेला उभे राहून बघत राहिले. मला वाटलं, रडतील, किंवा निदान ओरडतील. मी तयारीत होते, मला ओरडायचंच होतं कुणावर तरी.

वडील मुकादमाला म्हणाले, "असे नका टाकू. पोकळी राहते खाली. गाडीचं वजन आलं की खचंल."

"मग?"

"पायाचे मोठे खाली बसवा. त्याच्यावर बाकीचे, सांधा तोडून, सांध्यावर सांधा नको. मी सांगतो."

आणि ते सांगायला लागले. हा इथे, तो तिथे, थोडा डावीकडे, बस. मजुरांना हा म्हातारा कोण ते ठाऊक नव्हतं, पण बोलणं कामाचं होतं म्हणून ते ऐकत होते. मी म्हटलं, "बाबा, चला ना." त्यांनी हातानंच थांब म्हटलं. घडीव दगड बघता बघता पातळीत बसत गेले.

शेवटी लिहिलेला दगड राहिला. दोन मजुरांनी तो आणला आणि मुकादमानं विचारलं, "आजोबा, अक्षरं वर घेऊ का खाली?"

वडिलांनी थोडा विचार केला. वर ठेवली तर कुणीतरी वाचलं असतं. चाकं गेली असती त्यावरून, पण वाचलं असतं. मला वाटलं ते 'वर' म्हणतील.

"खाली," ते म्हणाले. "अक्षरांची बाजू घोटीव हाय, वर आली तर टायर घसरते."

दगड पालथा बसला. वरून मुरूम पडला, पाणी पडलं, धुम्मसानं ठोकून झालं. ठेकेदाराची जीप चढवून बघितली. नीट चढली. मुकादम खूश झाला, "चहा घ्या आजोबा," म्हणाला. वडील नको म्हणाले. त्यांनी या वेळी कुणाला सलाम केला नाही.

आम्ही बसस्टॉपवर आलो. पहिली बस भरून गेली, दुसरीत जागा मिळाली. हडपसरला उतरून पुढची बस धरायची होती, तिथे उभे असताना मी विचारलं, "बाबा, रविवारी काय करणार आता?"

"तुही आई म्हणते भाजीले सोबत येत जा," ते म्हणाले, आणि बस येताना दिसत होती तिकडे बघत राहिले.